तळणाच्या तेलाचं बायोडिझेल: कॉस्टिक, चुना की एन्झाइम?

इंदूरच्या नमकीनवाल्यांकडून वापरलेलं तेल उचलायचं, सांवेर रोडला शेड घ्यायची आणि बायोडिझेल काढायचं, असा बेत असेल तर पहिला वाद कॅटलिस्टवर, म्हणजे तेल आणि मिथेनॉलची क्रिया घडवून बायोडिझेल करणाऱ्या उत्प्रेरकावर होतो. माझ्या मते तो वाद तेल तपासल्याशिवाय घालूच नये.

1 जुलै 2018 पासून, टोटल पोलर कंपाउंड (पुन्हा पुन्हा तापवून तेलात साठणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल तळणाला चालत नाही. म्हणून माल मिळतो खरा, पण प्रत्येक पिंपाची तऱ्हा वेगळी. शेव तळताना पिठातल्या पाण्याची वाफ तेल फोडते आणि मुक्त फॅटी आम्लं वाढत जातात. ती मोजायला मोठी लॅब लागत नाही. थोडं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून अल्कली सोडत जा. गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा आणि आकडा लिहून ठेवा.

आम्लं एक टक्क्याच्या आत असतील तर कॉस्टिक सोडा किंवा सोडियम मेथॉक्साइडला तोड नाही. तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे सहा, 60 अंश तापमान आणि तासाभराचं ढवळणं, एवढ्यात काम होतं. शंभर किलो तेलामागे साधारण शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन मिळतं. मेथॉक्साइड महाग, पण कॉस्टिक मिथेनॉलमध्ये विरघळताना जे पाणी तयार होतं, ते त्यात होत नाही. आणि पाणी म्हणजे साबण. आम्लं दोन टक्क्यांच्या वर असताना घाईने कॉस्टिक घातलं की टाकीत वर बायोडिझेल, खाली ग्लिसरीन आणि मधोमध ताकासारखा पांढरा थर बसतो. तो फुटता फुटत नाही, आणि धुण्याचं पाणी गढूळ होतं ते वेगळंच. अशा तेलाला आधी गंधकाम्ल आणि मिथेनॉल देऊन आम्लांचं एस्टर (म्हणजे बायोडिझेलच) करून घ्या, वेगळं झालेलं पाणी काढा आणि मगच अल्कली, म्हणजे कॉस्टिक किंवा मेथॉक्साइड घाला. दोन पायऱ्या आणि गंजरोधक टाकी आली, तरी लहान युनिटला हाच रस्ता परवडतो.

घन कॅटलिस्टचं आकर्षण मी समजू शकतो: गाळा आणि परत वापरा, धुणं कमी, ग्लिसरीन स्वच्छ. अंड्याची टरफलं 900 अंशांपर्यंत भाजून कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे चुना करता येतं, त्यामुळे कॉलेजच्या प्रोजेक्टांत ते हमखास दिसतं. पण ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून मरतं, आम्लांशी साबण करतं आणि थोडं थोडं विरघळत राहतं. बायोडिझेलच्या भारतीय मानकात, आयएस 15607 मध्ये, कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून किलोला पाच मिलिग्रॅमच चालतात, तिथे गाडी अडते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीनिवास आणि रत्नसामी यांच्या गटाने लोह-जस्ताचा द्विधातू सायनाइड कॅटलिस्ट काढला, तो आम्लाळ तेलही पचवतो. फ्रान्समध्ये सेत इथे 2006 पासून झिंक ॲल्युमिनेटवर मोठा कारखाना चालला. मात्र अशा प्रक्रियांना मिथेनॉलच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच वरचं तापमान आणि त्यासोबतचा दाब लागतो. शेडमध्ये प्रेशर रिॲक्टर बसवण्याची ऐपत आणि माणसं असतील तरच त्या वाटेला जा.

लायपेज एन्झाइम 40 अंशांच्या आसपास, आम्लाळ तेलावरही साबण न करता काम करतं. पण मिथेनॉल एकदम ओतलं तर एन्झाइम निकामी होतं, म्हणून मिथेनॉल हप्त्याहप्त्याने द्यावं लागतं आणि बॅचला दिवस जातो. खाण्याच्या गाड्यांवरचं काळंकुट्ट तेलच जास्त मिळणार असेल तर मात्र याचा हिशेब जरूर मांडा.

हायड्रोजन देऊन ग्रीन डिझेल करणं हा रिफायनरीचा धंदा, तो इथे सोडून देऊ.

कोणताही कॅटलिस्ट घेतला तरी मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राहीच राहणार. साठवणुकीची टाकी म्हटली की पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा परवाना आला. पैसे कमी पडले तर शेड लहान घ्या, पण मिथेनॉल परत मिळवणारा कंडेन्सर वगळू नका. सहास एक या प्रमाणात निम्मं मिथेनॉल मुळातच जादा असतं, आणि ते ग्लिसरीनबरोबर विकलं गेलं तर नफा गिऱ्हाइकाच्या टँकरमधून जातो.