भुसावळच्या उन्हात चार डिस्कची रेड, अकरा महिन्यांनंतर

लग्नांचं शूटिंग करतो, भुसावळला. एका लग्नाचा डेटा दोन कॅमेरे धरून २००-२५० जीबी होतो आणि लोक तीन-तीन वर्षांनी येतात, भाऊ त्या हळदीची क्लिप आहे का, वडील वारले आमचे, त्यांचा आवाज फक्त त्यातच आहे. अशा एका माणसाला नाही म्हणावं लागलं, एक्सटर्नल डिस्क गेली होती माझी. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून ही रेड केली, म्हणजे अनेक डिस्का अशा जोडल्या की एखादी गेली तरी डेटा राहतो.

जुना चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या चार डिस्का, वर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एमडीएडीएम (लिनक्समध्ये रेड चालवणारा प्रोग्रॅम). सिस्टिम वेगळ्या छोट्या एसएसडीवर. बोर्डाच्या बायोसमध्ये पण रेडचा ऑप्शन होता, मुद्दाम नाही घेतला, कारण उद्या बोर्ड जळालं तर तसलंच बोर्ड शोधत फिरा. एमडीएडीएमची माहिती डिस्कांवरच लिहिलेली असते, काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावल्या की डिस्कांचा गट म्हणजे अ‍ॅरे उभा राहतो, भाच्याच्या पीसीवर करून पाहिलंय.

रेड ५ केली असती तर १२ टीबी मिळाले असते, पण तिच्यात एकच डिस्क गेलेली चालते, मी ६ केली, ८ च मिळाले, पण कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा राहतो. दुकानदार म्हणे भो, चार डिस्कांना कोणी सहा करतं का. पण पाचमध्ये एक गेली की नवी भरेपर्यंत उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि माझ्या सगळ्या एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या, सारख्याच वयाच्या, तेवढ्यात दुसरी गेली तर? रेड १० (डिस्कांच्या जोड्या, जोडीतल्या दोन्हींवर सारखाच डेटा) पण ८ च देते आणि लिहायला फास्ट, पण तिथे एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर संपलं. लिहायचा स्पीड सहामध्ये कमी पडतो हे खरंय, पण मी गिगाबिट लॅनवरून कॉपी करतो, तिथेच सेकंदाला ११० एमबीला अडकतो, त्यामुळे जाणवत नाही. डिस्का घेताना सीएमआरच (ट्रॅक वेगवेगळे लिहिणारी) आहे ना एवढं बघून घ्या, एसएमआरवर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) रिबिल्ड, म्हणजे बदललेली डिस्क परत भरणं, फार रखडतो.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर ४५ च्या पुढे, डिस्का ५४ वर. कूलर खोलीतच होता पण त्याची ओली हवा कॅबिनेटवर नको म्हणून तोंड फिरवलं आणि डिस्कांच्या समोर १२० एमएमचा फॅन लावला, तेव्हा ४६-४७ वर आल्या. त्याच आठवड्यात रावेरला लग्नात असताना मोबाइलवर मेल, एक डिस्क अ‍ॅरेतून बाहेर. हात थरथरत होते पण शूट सोडता येईना. रात्री येऊन स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) बघितलं तर रीअलोकेटेड म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य, पेंडिंग म्हणजे संशयित शून्य, फक्त १९९ नंबरचा सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा वाढलेला, म्हणजे डिस्क नाही, साटा केबल. केबल बदलली, री-अ‍ॅड केलं, बिटमॅप (कुठला भाग बदलला याची नोंद) चालू होता म्हणून मधल्या वेळात बदललेला भागच भरला, चार-पाच मिनिटं. बिटमॅप नसता तर अख्खे ४ टीबी, म्हणजे आठ-नऊ तास. बनवतानाच बिटमॅप लावा, मी हात जोडून सांगतो.

यूपीएस नंतर घेतला, आधीच घ्यायला हवा होता. आमच्याकडे लाइट दिवसातून दोनदा तरी जाते, आणि लिहिता लिहिता गेली तर डेटा आणि पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशेब) एकमेकांशी जुळत नाहीत असं होऊ शकतं. आता बॅटरी उतरत आली की मशीन आपोआप बंद होतं.

डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळा अ‍ॅरे तपासतं, चांगलं आहे, पण रविवारी सकाळी मी एडिटिंगला बसायचो तेव्हा सगळं अडकत चालायचं, म्हणून सीझनपुरतं मंगळवार रात्रीवर टाकलं.

आणि ऑगस्टमध्ये असिस्टंट पोराने चुकून एक अख्खं फोल्डर डिलीट केलं. चारही डिस्कांवरून एका क्षणात गेलं, रेड तिथे काहीच करू शकत नाही. वाचलं कारण दर आठवड्याची कॉपी वरणगावला बहिणीकडे ठेवलेल्या डिस्कवर होती. शनिवारी मोटारसायकलवर जाऊन ती डिस्क आणतो, रात्री कॉपी लावतो, रविवारी संध्याकाळी परत ठेवून येतो. दिवाळीनंतर तशीच दुसरी घेणार आहे, म्हणजे एक कायम तिकडेच राहील.