कॉलनीचा सांडपाणी प्लँट, 9 महिन्यांनंतर: पाणी निवळलं, पण रश्श्याचा कट नडला

गेल्या गणपतीत चालू केलेला, आता जून लागला, म्हटलं एकदा लिहून टाकावं कारण बरेच जण विचारायलेत. कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं आमची 22 घरं, ड्रेनेज लाईन अजून पोचलेली नाही. प्रत्येकाची सेप्टिक टँक वेगळी आणि तिचं वरचं पाणी सरळ गटारीत, गटार ओढ्यात, ओढा पंचगंगेत. म्हणजे आपण हितं फ्लश करायचं आणि खाली नरसोबाच्या वाडीला लोकांनी संगमावर त्यातच अंघोळ करून दत्ताला जायचं, असला कारभार.

हिशोब साधा होता. माणसं 90 च्या आसपास, माणशी 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं, म्हणजे दिवसाला 10 हजार लिटर. त्याला मोठी मशिनरी लागत नाही. आधी जाळी, मग तेलाचा चेंबर, मग कप्पे पाडलेली बंद टाकी. तिच्यात पाणी प्रत्येक कप्प्यात तळातनं वर चढतं आणि गाळातले जिवाणू हवेशिवाय घाण खातात. शेवटी खडीचा बेड, त्यात कर्दळ. सगळं उतारावर चालतं त्यामुळं लाईट गेली तरी काय अडत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

पहिले तीन महिने मात्र शिव्या खाल्ल्या. कॉन्ट्रॅक्टर "पंधरा दिवसात पाणी क्लिअर" म्हणून गेलेला, पण जिवाणू जमायलाच तीन-चार महिने जातात हे सांगायचं विसरला की मुद्दाम सांगितलं नाही देव जाणे. शेवटी एका जुन्या सेप्टिक टँकचा गाळ आणि शेणकाला ओतला तेव्हा कुठं गाडी रुळावर यायला लागली. तेवढ्यात दिवाळीची साफसफाई, घरोघरी अ‍ॅसिड आणि फिनेल, की पुन्हा आठ दिवस कुजक्या अंड्यांचा वास. थंडीत पण जिवाणू सुस्तावतात, जानेवारीत पाणी जरा गढूळच होतं.

पण खरी डोकेदुखी म्हणजे रविवार. 22 घरात मटण, आणि तांबड्या रश्श्याची भांडी सगळी एकाच वेळी बेसिनमध्ये. सोमवारी सकाळी तेलाच्या चेंबरचं झाकण उचललं की वर बोटभर लालभडक थर, थंडीत तर तो मेणासारखा घट्ट, खुरप्यानं कापून काढावा लागतो. एकदा लग्नाच्या गडबडीत दोन आठवडे काढलाच नाही तर ते तेल टाकी ओलांडून खडीपर्यंत गेलं, खडी चिकट झाली आणि पाणी बेडच्या वर साचलं. मग तोंडाकडची हातभर खडी काढून धुवून परत भरली, दोन माणसांची दोन दिवसाची हजेरी. आता भांडं आधी कागदानं पुसायचं ठरलंय, निम्मी घरं पुसतात, निम्मी म्हणतात "बघू".

मेमधल्या वळवात अजून एक कळलं. तीन घरांच्या गच्चीचे पाईप गुपचूप ह्याच लाईनला जोडलेले, एका सरीत टाकीतला गाळ ढवळून बाहेर. आता ते पाईप तोडून वेगळे केलेत. पाईप तोडायला लावले म्हणून त्यातले एक काका अजून माझ्याशी बोलत नाहीत.

सध्या पाणी कसं आहे म्हणाल तर बाटलीत भरलं की फिक्या चहासारखं, वास जवळपास नाही. तरी जंतू असतात, म्हणून पालेभाजीला किंवा गाडी धुवायला देत नाही. आणि नत्र-स्फुरद त्यात बऱ्यापैकी उरतंच, ते ओढ्यात सोडलं की नदीतल्या केंदाळाला खतच की. म्हणून नारळ, आंबा आणि बागेतल्या झाडांना देतो, कर्दळ तर माझ्या डोक्याच्या वर गेलीय. पावसाळ्यात मात्र झाडांना नको असतं, तेव्हा ओढ्यातच जातं, त्यावर अजून इलाज सापडलेला नाही.

कुणी करणार असाल तर तेलाचा चेंबर सांगतील त्याच्या दुप्पट करून घ्या आणि झाकण एका माणसाला उचलंल असंच घ्या. आमचं काँक्रीटचं आहे, उद्या सोमवार, पाळी माझी आणि जोडीला ते न बोलणारे काका.