मेडिनिला घ्या, पण नर्सरीची माती घेऊ नका

दोन वर्षांमागं दसऱ्याच्या आधी बेळगावात खानापूर रोडवरच्या एका नर्सरीतनं मेडिनिला मॅग्निफिका (गुलाबी फुलांचं शोभेचं झाड) आणली, ९०० रुपयाला. झाडाला पाच स्टार, नर्सरीला दोन, ते पण झाड अस्सल दिलं म्हणून.

कुंडी तांबड्या मातीनं आणि शेणखतानं गच्च भरलेली. देणारा म्हणाला, मावशी ऊन दावा, रोज पाणी घाला, काय होत नाही. मी तसंच केलं. उन्हाळ्यात पानं करपली आणि जुलैत आपल्याकडं पाऊस लागला की थांबतोय कुठं, पानं पिवळी पडून गळायलाच लागली. उपटून बघितलं तर निम्मी मुळं काळी, कुजून गेलेली. लई वाईट वाटलं.

मग वाचून कळलं की हे फिलिपाईन्सच्या डोंगरातल्या पावसाळी जंगलातलं झाड, तिथं ते जमिनीत नाही तर मोठ्या झाडाच्या बेचक्यात शेवाळावर वाढतं, जांबोटीच्या रानाकडं झाडावर सीतेची वेणी, ते ऑर्किड, लोंबते बघा, तसं. पाऊस कितीही पडूदे, मुळाशी पाणी थांबत नाही आणि वरच्या फांद्यांची सावली असते. म्हणजे आमच्या कुंडीत सगळं उलटं चाललेलं. कुजकी मुळं कापली, नारळाच्या सोडणाचे तुकडे, झाडाची साल आणि कोळसा घालून जाळीच्या टोपलीत लावली आणि पूर्वेच्या व्हरांड्यात टांगली, तिथं फक्त सकाळचं कोवळं ऊन येतं.

आणि आपली बेळगावची थंडी हिला मानवते! कळ्या धरायला काही आठवडे गार रात्री लागतात, १५-१७ डिग्रीच्या, त्या इथं डिसेंबर-जानेवारीत फुकट मिळतात. तेवढे दिवस पाणी कमी केलं, फेब्रुवारीत कळी दिसल्यावर वाढवलं. कळी आली की टोपली हलवायची नाही हां, गळते.

पाडव्याला हातभर लांब गुलाबी झुंबर लोंबत होतं. वरची मोठी गुलाबी पाकळी वाटते ती खरी पाकळी नव्हे, फुलाखालचं रंगीत पान असतं, खरी फुलं आत बारकी, घोसानं. आपल्या खानापूरच्या रानातल्या निळ्या अंजनीच्याच कुळातली ही, हे कळल्यावर तर अजूनच जवळची वाटायला लागली.

नर्सरीवाल्यांनी सोडणात लावून दिली तर अजून दोन घेईन, बहिणीला वडगावला द्यायची आहे.