साहेब गेले म्हणून बीपीचं मशीन आणलं, आठ महिने वापरल्यावर लिहितोय

कंपनीचं नाव लिहीत नाही, दंडाला पट्टा बांधायचं साधं डिजिटल मशीन आहे, अमळनेरला मेडिकलवरून 1,800 ला घेतलं. मनगटावरचं स्वस्त होतं पण मेडिकलवालाच बोलला नको, हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो. पाऱ्याचं मिळेल का विचारलं तर म्हणे आता कोण ठेवतं. मला ते पाहिजे होतं कारण मायचं बीपी 14 वर्षं त्याच्यावरच मोजलं गेलं.

आमच्या गावचे डॉक्टर मागच्या हिवाळ्यात गेले. नाव सगळ्यांना माहिती पण आम्ही नुसतं साहेबच म्हणायचो. कापूस वेचणी चालू होती, बाया वावर सोडून आल्या तशाच, कमरेला ओटीत कापूस तसाच. फी किती, तर असेल ते द्या, नसेल तर कापूस विकल्यावर, आणि कापूस विकल्यावर पण ते स्वतः कधी आठवण करून द्यायचे नाहीत. आता त्या खोलीत मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. असो.

मशीनबद्दल बोलतो. पहिले दोन आठवडे वैतागच होता, एकदा 150 एकदा 128, मला वाटलं माल खराब निघाला, परत करायला निघालो होतो. नंतर कळलं चुका आमच्याच. माय चूल सोडून यायची आणि लगेच हात पुढे करायची. पाच मिनिटं पाठ टेकून गप बसायचं, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या लेव्हलला टेकवलेला, अर्ध्या तासात चहा नाही, लघवीला जाऊन यायचं. ब्लाउजची बाही वर सरकवून पट्टा बांधला तर बाहीच दंडाला आवळते, म्हणून आता सैल बाहीचं घालून बसते. दोन वेळा मोजायचं, मधे एक मिनिट सोडून. आणि बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड. साहेब म्हणायचे, "माय, आते बोलू नका," आणि फुगा दाबता दाबता स्वतःच केळीचा भाव सांगत बसायचे.

पट्ट्याचं नीट बघून घ्या. सोबत आलेला 22 ते 32 सेंटीमीटर दंडाचा होता, मायचा दंड भरला 21. पट्टा मोठा असला तर आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून छोटा पट्टा वेगळा मागवावा लागला, तो यायला तीन आठवडे गेले. तालुक्याच्या डॉक्टरांकडे मशीन सोबत नेऊन त्यांच्या मशीनशी मिळवून पण घेतलं, चार-पाच पॉइंटचा फरक, ते बोलले चालेल. घरी 135 / 85 च्या वर सारखं राहिलं तर या, दवाखान्यात 140 / 90 धरतात, घरचा हिशोब थोडा खाली असतो. सेल चार लागतात, लाईट गेली तरी चालतं हे आमच्याकडे मोठंच काम.

उन्हाळ्यात मात्र पैसे वसूल झाले. मे महिन्यात माय उठली की चक्कर, मोजलं तर 102 / 60. साहेब दर उन्हाळ्यात गोळी अर्धी करायचे, का ते आम्ही कधी विचारलं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना डायरी दाखवली, त्यांनी पण तेच केलं. आपल्या मनाने करू नका, विचारूनच.

खरी अडचण मी धरली नव्हती ती निघाली. मायला 14 वर्षांत तिचा आकडा माहितीच नव्हता. साहेब पारा बघायचे, कागदावर लिहायचे आणि तिला सांगायचे "चांगलं आहे" नाहीतर "बिबडे कमी करा", म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे खारे पापड, बस. आता स्क्रीनवर एवढे मोठे आकडे, त्यात वाचता येतात तिला, मग 138 दिसलं की घाबरायची, परत मोज, 146, परत मोज, 151. दिवसातून दहा-दहा वेळा. रात्री दोनला पण उठून पट्टा बांधलेला मी बघितलाय.

शेवटी स्क्रीनवर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावला. मोजून झालं की मी बाजूला होऊन पुठ्ठा वर करतो, डायरीत लिहितो आणि सांगतो, चांगलं आहे. मशीन कपाटात, किल्ली माझ्याकडे. बायको म्हणते हे बरोबर नाही, तिचं शरीर आहे, तिला कळायला पाहिजे. तिचं पण खोटं नाही.

मागच्या आठवड्यात दोन्ही वेळा 160 च्या वर आलं. मी म्हटलं चांगलं आहे, आणि डॉक्टरांना फोन लावायला ओट्यावर आलो. परत आत गेलो तर जेवायला बसली होती, ताटातलं बिबडं उचलून नातवाच्या ताटात ठेवत होती.