वाक्याचा साचा की विषयाचा साचा? रिक्वायरमेंट लिहिणाऱ्यांसाठी

रिक्वायरमेंट म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते सांगणारी वाक्यं. लॉगिन, परवानग्या, रिपोर्ट, बॅकअप... दर प्रोजेक्टला तेच ते पहिल्यापासून लिहून कंटाळा आला की माणूस पॅटर्नकडे, म्हणजे तयार साच्यांकडे, वळतो. वळल्यावर कळतं की 'पॅटर्न' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. एक तुम्हाला वाक्याची बांधणी देते, आत काय भरायचं ते तुमचं तुम्ही बघा. दुसरी विषयच बांधून देते: या जातीच्या रिक्वायरमेंटमध्ये काय काय यायला हवं, ती कशी लिहावी, तिच्या पाठोपाठ आणखी कोणत्या येतात. मी दोन्हींवर काही वर्षं काढली आहेत. जुनं एसआरएस (रिक्वायरमेंटचं पूर्ण डॉक्युमेंट) उघडून नावं बदलणं हा तिसरा आणि सर्वांत लोकप्रिय मार्ग, पण त्याबद्दल न बोललेलं बरं.

वाक्याच्या साच्यांपैकी माझा हात बसला तो ईअर्सवर (EARS, रिक्वायरमेंटची वाक्यं ठरावीक बांधणीत लिहिण्याची सोपी पद्धत). रोल्स-रॉइसमध्ये जेट इंजिनाच्या नियंत्रण प्रणालीसाठी उड्डाणयोग्यतेचे नियम चाळताना अ‍ॅलिस्टर मॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सुचला, आणि २००९ मध्ये त्यांनी तो मांडला. प्रकार जेमतेम पाच: नेहमी लागू असणारं, काही घडल्यावर लागू होणारं, एखादी स्थिती टिकून असेपर्यंत लागू, एखादी सोय बसवलेली असेल तरच लागू, आणि नको ते घडलं तर काय करायचं ते. गरज पडली तर हे एकमेकांत गुंफता येतात. नव्या माणसाला एका दुपारीत समजतं. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्यांच्या वाक्यांत चुका काढायला लागतो, ही त्यातली छोटीशी किंमत.

आपल्याला हा साचा परका वाटत नाही, याचं कारण बहुधा मराठीच. जेव्हा म्हटलं की तेव्हा यावं लागतं, जोपर्यंतला तोपर्यंत, जरला तर. वाक्याचा दुसरा पाय टेकेपर्यंत चैन पडत नाही. घोळ होतो तो बोलण्यात, कारण बोलताना आपण 'पेमेंट झाल्यावर पावती' आणि 'पेमेंट अडकल्यावर मेसेज' ही दोन्ही एकाच 'ल्यावर'मध्ये बसवतो. ईअर्समध्ये 'जर' फक्त नको असलेल्या घटनांसाठी राखून ठेवलेला आहे. ही शिस्त सुरुवातीला मला बारीकसारीक वाटली होती. पण डॉक्युमेंटमध्ये नुसते 'जर' शोधून काढले की कळतं, बिघडल्यावर काय करायचं याचा विचार किती झालाय. एका मॉड्यूलमध्ये चाळीसएक वाक्यांत मला एकही 'जर' सापडला नव्हता. तिथे पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

उणिवा आहेतच. हिशेबाची सूत्रं आणि रिपोर्टचे रकाने या साच्यात कोंबू नयेत, सरळ तक्ता द्यावा. आणि मोठी उणीव अशी की जे लिहायचंच राहून गेलं त्याची आठवण हा साचा करून देत नाही.

ती आठवण विषयाचा साचा करून देतो, आणि फार छान करून देतो. स्टीफन विथॉल यांचा २००७ चा संग्रह अनेकांच्या टेबलावर असेल: ३७ पॅटर्न, आठ गटांत. प्रत्येकात तो कधी वापरावा, कधी वापरू नये, वाक्याचा नमुना, उदाहरणं, आणि शिवाय डेव्हलपर आणि टेस्टर यांनी काय बघावं हेही. माझ्या मते त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे 'याच्यासोबत आणखी काय लागेल' हा. डेटा किती काळ ठेवायचा हे लिहायला बसलात, की जुना डेटा हलवायचा कुठे, परत आणायचा कसा, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. नवखा विश्लेषक त्याच्या जोरावर अनुभवी माणसासारखे प्रश्न विचारू लागतो, हे मी पाहिलं आहे. बार्सिलोनाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या पॅब्रे या कामाचा रोखही असाच: ठरलेलं वाक्य, त्यात बदलण्याजोगे पॅरामीटर, आणि हवी तर वाढीव वाक्यं.

मग माझं कुठे बिनसलं? आकड्यांवर.

आम्ही असे पॅटर्न वापरून घरचा संग्रह बनवला होता. 'व्यवहाराच्या नोंदी ___ वर्षं जपल्या जातील.' सोयीसाठी कुणीतरी त्या रिकाम्या जागेत आधीच्या प्रोजेक्टचा आकडा राहू दिला: सात. पुढच्या प्रोजेक्टमध्ये तो सात तसाच आला. त्याच्या पुढच्यातही. क्लायंटने वाचून सही केली, कारण वाक्य इतकं घोटीव होतं की ते कुणीतरी विचार करूनच लिहिलंय असं वाटावं. डेटाबेसच्या माणसाने सात वर्षांच्या हिशेबाने जागा धरली, आर्काइव्हचं वेगळं मॉड्यूल निघालं, टेस्टरने केसेस लिहिल्या. स्वीकृती चाचणीच्या बैठकीत क्लायंटच्या हिशेबनिसाने विचारलं, "हे सात वर्षं कुणी सांगितलं?" आम्ही त्यांच्याकडे बघतोय, ते आमच्याकडे बघतायत. सांगितलं कुणीच नव्हतं. त्यांना अठरा महिने पुरत होते.

चूक पॅटर्नची नव्हती, आमची होती, हे मान्य. संग्रहात रिकामी जागा रिकामीच ठेवायला हवी होती. पण ती रिकामी राहत नाही, असा माझा अनुभव आहे. प्रतिसादाचा वेळ, एका वेळी किती वापरकर्ते, पासवर्डची लांबी, सत्र किती मिनिटांनी बंद करायचं: जिथे जिथे विषयाचा साचा तयार, तिथे तिथे एक बेवारस आकडा मुक्कामाला असतो. आणि चांगल्या वाक्यात बसलेला आकडा कुणी हटकत नाही. वाक्याच्या साच्यात ही सोयच नाही. 'जेव्हा'च्या पुढे काय, हे कुणाला तरी जाऊन विचारावंच लागतं. कष्टाचं आहे खरं, पण ज्याने सांगितलं त्याचं नाव तरी हाताशी राहतं.

तुमची गोष्ट वेगळी असू शकेल. टीम नवी असेल, निविदेसाठी कामगिरी-सुरक्षा-उपलब्धता यांच्या डझनावारी अटी लिहायच्या असतील, किंवा एकाच जातीचं सॉफ्टवेअर तुम्ही वर्षानुवर्षं करत असाल, तर विषयाचा संग्रह जास्त कामाला येईल, मी अडवणार नाही. फक्त त्याची देखभाल कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. आमच्याकडे ती सगळ्यांची होती, म्हणजे कुणाचीच नव्हती.

मी स्वतः आता लिहितो ते ईअर्समध्ये. विषयाचा संग्रह फेकलेला नाही. क्लायंटला भेटायला जाण्याच्या आदल्या दिवशी तो उघडतो, त्यातले प्रश्न वहीत उतरवतो आणि मिटतो. लिहायला बसलो की तो उघडा ठेवत नाही. वहीत प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने असतात: एकात उत्तर, दुसऱ्यात ते कुणी दिलं. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्यातलं डॉक्युमेंटमध्ये जात नाही.