टेली मानस १४४१६: फोन यांच्यासाठी केला, धीर मलापण मिळाला
आमचे हे रेस्क्यू टीममध्ये आहेत, जुलै २०२३ ला इर्शाळवाडीत दरड कोसळली तेव्हा ढिगारा उपसायला होते. तेव्हापासून पाऊस जोरात लागला की रात्री उठून नखांतला चिखल काढत बसायचे, चिखल नसायचाच. आधी एका काउन्सेलरकडे गेलो तर पहिल्याच दिवशी काय काय बघितलं ते सगळं सांगा म्हणाले, हे उठून बाहेर आले. मग मी १४४१६ लावला, टेली मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, फ्री आहे, चोवीस तास चालू, मराठीतपण बोलतात. फोनवरच्या ताईंनी खोदून काही विचारलं नाही, तुमची झोप होते का विचारलं आणि मला रडूच फुटलं. यांना म्हणाल्या वाटेल तेवढंच सांगा, दचकून जागे झालात की पाय जमिनीला टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या. काल रात्री हे हळू आवाजात म्हणत होते, पंखा, कपाट, पोरीचं दप्तर...