कोडमापन की कॅरियर फेज : मुंबईतील मोजणीसाठी रिसीव्हर निवडताना

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या भूखंडाची मोजणी उपग्रहांच्या साहाय्याने करायची असेल, तर यंत्र संकेतातील नेमके काय मोजते हे आधी विचारावे.

हातात धरायचा साधा रिसीव्हर कोड, म्हणजे उपग्रह सतत पाठवत असलेली शून्य-एकांची ठरावीक मालिका, मोजतो. उपग्रहाकडून आलेला कोड स्वतःच्या प्रतीशी जुळवून तो किती उशिरा पोहोचला हे काढतो आणि त्यावरून अंतर ठरवतो. जीपीएसच्या नागरी कोडची एक चिप, म्हणजे त्या मालिकेतील एक अंक, सुमारे 293 मीटरची असल्याने, जुळणी तिच्या शंभराव्या भागापर्यंत साधली तरी तीन मीटरची संदिग्धता उरते. रस्त्याकडेच्या झाडांची नोंद करायला एवढे पुरते. कंपाउंडची भिंत मात्र त्यावर ठरवू नये.

सर्वेक्षणाचा रिसीव्हर याशिवाय कॅरियर फेज, म्हणजे कोड वाहून आणणाऱ्या लहरीची कला (फेऱ्यातील नेमकी स्थिती) मोजतो. एल1 या जीपीएसच्या मुख्य वारंवारितेच्या लहरीची लांबी केवळ 19 सेंटिमीटर असल्याने तिचा शंभरावा भाग दोन मिलिमीटरच भरतो. अडचण अशी की, लहरीचे सगळे फेरे सारखेच दिसतात, त्यामुळे उपग्रहापासून आपल्यापर्यंत किती पूर्ण फेरे झाले ही संख्या सोडवावी लागते. आरटीके (रिअल टाइम किनेमॅटिक), म्हणजे जागेवरच तत्काळ स्थान देणाऱ्या पद्धतीत, ज्ञात बिंदूवरील स्थिर रिसीव्हरची (बेस) मोजमापे फिरत्या रिसीव्हरच्या (रोव्हर) मोजमापांशी ताडून घड्याळांच्या चुका काढून टाकल्या जातात, वातावरणाच्या बहुतांशी निघतात आणि मग ती संख्या सुटते. पडद्यावर ‘फिक्स्ड’ (संख्या सुटली) असे दिसेपर्यंत, म्हणजे ‘फ्लोट’ स्थितीत, घेतलेला बिंदू हद्दीसाठी वापरू नये.

गिरगावच्या चाळींमधील गल्लीत आकाशाची जेमतेम पट्टी दिसते. तिथे संकेत क्षणभर तुटला तरी फेऱ्यांचा हिशेब चुकतो आणि संख्या पुन्हा सोडवावी लागते. लोअर परळच्या काचेच्या टॉवरांवरून परतलेली लहर कोडमापनात कित्येक मीटरची चूक घालू शकते, तर एल1च्या फेजमध्ये ती साधारणपणे पाच सेंटिमीटरांपलीकडे जात नाही. परंतु तिच्यामुळे फेऱ्यांची संख्याच चुकीची ठरण्याचा धोका राहतो, आणि तसे झाल्यास यंत्र चुकीचे स्थानही ‘फिक्स्ड’ म्हणूनच दाखवते. म्हणून प्रत्येक महत्त्वाचा बिंदू, संख्या नव्याने सोडवून, काही वेळाने पुन्हा मोजावा.

एकाच वारंवारितेचा स्वस्त आरटीके रिसीव्हर मी सुचवणार नाही. आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील, विलंब वारंवारितेनुसार बदलतो, त्यामुळे दोन वारंवारिता असल्या की त्याचा मोठा भाग काढता येतो आणि फेऱ्यांची संख्याही लवकर सुटते.

एकाच भूखंडाचे काम असेल तर दोन वारंवारितांचा संच भाड्याने घ्यावा, मोकळ्या गच्चीवर किंवा मैदानात नियंत्रणबिंदू ठरवावेत आणि गल्लीतील हद्द तिथून टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या यंत्राने) उतरवावी.